मॅनेजरनं कापलेलं दृश्य
तापलेल्या पत्र्याचा वास आला की उदगीरचं थेटर आठवतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, दुष्काळात शेतं रिकामी होती, त्यामुळे दुपारच्या खेळालाही गर्दी असायची. उडणाऱ्या वीराचा सिनेमा आत्यानं आधी पाहिला होता. लढाईच्या आदल्या दिवशी तो आईपाशी रडतो, ते दाखवायला तिनं मला मुद्दाम नेलं. ते दृश्य आलंच नाही. आत्या थेट मॅनेजरसमोर उभी राहिली. तो म्हणाला, "कापलं बाई. त्यात मारामारी न्हाई, लोक उठून जातेत." आत्या कडाडली, "मारामारी कोणत्याबी पिक्चरमदी हाय! भ्या वाटूनबी ह्यो लढाया जातो, तेच कापलं व्हय?" तो नुसता हसला. भर उन्हात, रस्त्यात थांबून, आत्यानं रागारागानं मला ते सगळं दृश्य सांगितलं. आजही असल्या सिनेमातून मी चिडूनच बाहेर पडते: वीर उडतो, शहर वाचतं, पण घाबरत कुणीच नाही.