मिनिटकाकांची आठ मिनिटं

माझी आई शाळा झाडायची. बार्शीबाहेरच्या एका हायस्कूलच्या सात खोल्या आणि पुढचं मैदानाएवढं अंगण. पहाटे पाचला सुरुवात, प्रार्थनेच्या आत संपवायचं. वडील नव्हते. आमच्या खोलीच्या पत्र्याला एक भोक पडलं होतं. हेडमास्तरांनी टाकून दिलेल्या कॅलेंडरचं एक पान आईनं त्यावर चिकटवलं. जपानच्या क्योटो शहरातली दगडांची बाग. पांढरी खडी, तिच्यात ओढलेल्या सरळ रेघा, मधे थोडे दगड. आई ते बघून म्हणायची, "एवढं कोण गं झाडत असंल?" त्या पानाखाली बसून मी अभ्यास केला आणि आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले. हे मी मान खाली घालून सांगत नाही.

आता मी अमेरिकेत मॉरिसव्हिलला असते. इथे आम्हाला एक मिनिटकाका होते. खरं नाव कुणी घेतच नसे. चाळीस वर्षं अमेरिकेत काढलेले निवृत्त इंजिनिअर. इथल्या मराठी मंडळातल्या कुणीही कुठे फिरायला जायचं तर प्लॅन काकांकडून करून घ्यायचा, हा इथला रिवाज. नाही घेतला, तर गणपतीच्या जेवणात ते ताटाशी येऊन उभे राहत. "आम्हाला न विचारता गेलात म्हणे?" प्लॅन म्हणजे मिनिटामिनिटाचा हिशेब मांडलेली एक्सेलची शीट, प्रिंट काढलेली. दर वेळी जिभेला बोट लावून ते पान उलटायचे. प्रत्येक पानाचा कोपरा ओला. तेच ओलं पान मग आपल्या हातात. मी ते चिमटीत धरायचे.

आईला पहिल्यांदाच इकडे आणायचं ठरलं. मी तिला घ्यायला जाणार होते आणि येताना वाटेत जपानला उतरणार होतो. माझ्या रजेत क्योटोचा एकच दिवस बसत होता. गुडघे अजून धड आहेत तोवर आईला ती बाग दाखवायची, एवढंच मला हवं होतं. रिवाजाप्रमाणे काकांकडे गेले. त्यांनी चौदा ठिकाणं काढून ठेवली होती.

"काका, एका दिवसात चौदा?"

"अष्टविनायक लोक दोन दिवसांत करतात की नाही? तेही आपल्या रस्त्यांवरून! तिकडे तर बस मिनिटावर येते."

"आईला फक्त बाग बघायचीय."

ओलं बोट शीटवरून फिरलं. "ही ना? दिलीयत की आठ मिनिटं. खडी आहे हो नुसती. खडी बघायला जपान कशाला? आमच्या साइटवर ढिगानं पडायची."

बघणं हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. ते 'कव्हर' करायचे. स्वतः त्यांनी क्योटोतली सतरा ठिकाणं एका दिवसात कव्हर केली होती. त्यातलं आवडलं कुठलं, असं विचारलं तर त्यांनी फोन पुढे केला. सतरा फोटो. प्रत्येकात नावाची पाटी आणि पाटीपुढे अंगठा वर करून काका. मागचं देऊळ एकाही फोटोत धड दिसत नव्हतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला, तर काका मधेच म्हणाले, "ताई, विमानतळावर व्हीलचेअर मागून घ्या. चालवत नाही म्हणायचं. रांग लागत नाही. सगळे हेच करतात."

"पाय हायत मला, साहेब," आई म्हणाली.

"अहो, खोटं खोटं बसायचं!" आणि काका पोट हलवत हसले. सव्वीस वर्षं कमरेत वाकून काम केलेल्या बाईला हा माणूस फुकटचं बसायला शिकवत होता. त्या हसण्याची मला शिसारी आली.

शीटच्या शेवटी तीन रकाने होते: 'पायऱ्या', 'बसायला', 'शेरा'. हे कुणासाठी, असं मी विचारलं.

"काकू होती ना बरोबर. तिचे गुडघे खरंच गेलेले. तिला बाहेर बाकावर बसवायचं, मी आत जाऊन फोटो काढून यायचं. जागची हलायची नाही बिचारी."

काकूंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. हे सांगून काकांनी पुन्हा जिभेला बोट लावलं. मी चहा तसाच ठेवून उठले. बायकोसाठी पायरी न् पायरी मोजायची आणि तिला आत मात्र न्यायचं नाही, ही कसली माया?

क्योटोत मी तेरा ठिकाणं खोडली. बागेच्या ओळीत लिहिलं होतं, 'बसायला: आत, बागेसमोर लाकडी ओटा. छप्पर आहे. बूट काढणे.' सबंध शीटमध्ये बसायची जागा आत असलेलं हे एकच ठिकाण. पुढे शेरा होता, 'काकू उठेना. बारा मिनिटं वाया.'

वाया! ओट्यावर आईशेजारी बसून मी ते पुन्हा वाचलं आणि कागद चुरगळून पर्समध्ये टाकला.

आई बागेकडे बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "खराटा नव्हं ह्यो. दात्याचं कायतरी हाय. आन् बघ, पाऊल कुठंच न्हाई. मागं मागं सरकत झाडलंय." मग तिनं हात पुढे करून हवेतच ती रेघ ओढली. "चांगला गडी हाय."

आम्ही परतलो तेव्हा काका दूर दुसऱ्या राज्यात, अर्विंगला मुलाकडे कायमचे राहायला गेले होते. पण त्यांचा फोन आलाच.

"किती कव्हर झाली?"

"एक."

"एकच? मी चौदा दिली होती!" मग म्हणाले, "तो ओटा अजून आहे ना?"

"आहे."

मी फोन ठेवला. काकू त्या ओट्यावरून का उठेनात, हे त्यांनी तेव्हा काकूंनाच विचारायचं होतं; आता माझ्याकडून काय ऐकायचं होतं? त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. त्यांची ती शीट मात्र अजून माझ्याकडे आहे. ओले कोपरे वाळून कडक झालेत. बागेच्या ओळीतली आठ मिनिटं खोडून तिथे मी खरा आकडा लिहिलाय.

माझी आई त्या ओट्यावर दोन तास दहा मिनिटं बसली.