काकूंची जिवंत मलई

जंतूंशी इतक्या अदबीने वागणारं माणूस अख्ख्या नागपुरात दुसरं सापडणार नाही, हे मी हुडकेश्वरच्या कुठल्याही चौकात उभी राहून सांगायला तयार आहे. आमच्या शेजारच्या काकू दही लावत नाहीत, दह्याला झोपवतात. विरजणाच्या भांड्यावर जुनं दुपटं पांघरलेलं असतं आणि त्या खोलीत मिक्सर लावायची परवानगी खुद्द त्यांच्या नवऱ्यालाही नाही. एकदा मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर तावातावाने भांडत होते, तर त्यांनी मला दंडाला धरून अंगणात आणून सोडलं. म्हणाल्या, "तुह्या भांडनानं बिघडतीन ना वं ते. आत्ताच लावलं मी त्याईले." माझं बालपण चळवळीची पत्रकं छापणाऱ्या आणि वाटणाऱ्या घरात गेलं, त्यामुळे असल्या बोलण्यावर मी तिथल्या तिथे भाषण ठोकते. पण काकूंनी सगळी नोकरी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासण्यात घालवली आहे. त्यांना जंतूंबद्दल जेवढं कळतं, तेवढं मला माणसांबद्दलही कळत नाही.

तरी दिवेलागणीला त्या कुणालाही विरजण देत नाहीत. हा रिवाज अनेक घरांत आहे, पण प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या बाईने तो पाळावा हे मला सहन होईना. म्हणून मी एकदा मुद्दाम दिवे लागल्यावरच वाटी घेऊन गेले आणि ही अंधश्रद्धा कशी आहे ते त्यांना सविस्तर समजावलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि वाटी रिकामीच परत दिली. त्यांचं म्हणणं असं की उन्हाने दमलेल्या जिवांना संध्याकाळी कामाला लावायचं असतं, प्रवासाला धाडायचं नसतं. यात विज्ञान किती आणि माया किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

निवृत्तीनंतर काकूंनी त्वचेला लावायचं क्रीम बनवायला घेतलं. ते चेहऱ्यासाठी नव्हतं. काकूंचं माहेर भिवापूरचं. भिवापूरची मिरची सगळ्यांच्या रश्श्यात उतरते, पण तिचे देठ खुडणाऱ्या बायकांचे भाजलेले, भेगाळलेले हात कुणाला दिसत नाहीत. काकूंची आई त्या बायकांतलीच एक होती. हंगामात संध्याकाळी सगळ्या जणी पातेल्यातल्या ताकात हात बुडवून बसायच्या आणि आग जरा निवायची. ती ताकातल्या जिवांमुळेच निवते, अशी काकूंची लहानपणापासूनची खात्री. बाजारात आता प्रोबायोटिक म्हणून उपयोगी जंतूंची क्रीम मिळायला लागली, तेव्हा त्यांना त्याचं काही नवल वाटलं नाही. हे भिवापूरच्या बायकांना कधीचं ठाऊक आहे, एवढंच त्या म्हणाल्या आणि मोहाच्या बियांचं तेल, मेण, ग्लिसरीन आणि स्वतःचे पाळलेले जंतू घेऊन कामाला लागल्या.

अडचण एकच होती. क्रीम टिकावं म्हणून त्यात जंतू मारणारं औषध घालावं लागतं, आणि काकूंना तर त्यात जंतू पाळायचे होते. औषध न घालता केलेल्या पहिल्या बरण्या नागपूरच्या मे महिन्यात फसफसून आल्या आणि भर दुपारी कपाटात फटाफट झाकणं उडाली. काकाजी वर्तमानपत्र टाकून अंगणात पळाले. काकाजी म्हणजे काकूंचे यजमान आणि त्यांची चालती-फिरती प्रयोगशाळा. महिनाभर त्यांच्या डाव्या गालावर नवं क्रीम आणि उजव्या गालावर काहीच नाही, अशी व्यवस्था होती. एका लग्नात ते अर्धे चकचकीत आणि अर्धे कोरडे असे पंगतीला बसले. कुणीतरी तब्येतीची चौकशी केली, तर शांतपणे म्हणाले, "इकडून बरा हाय. तिकडून अजून सुरू नाही केलं."

क्रीमचं पत्रक लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. गोरेपणा हा शब्द मी लिहिणार नाही, अशी अट मी सुरुवातीलाच घातली. काकू म्हणाल्या, गोरं कोणाला व्हायचं आहे, हात निववायचे आहेत. मी 'जिवंत मलई' असं नाव दिलं. काकूंना ते इतकं आवडलं की त्यांनी विरजणाच्या भांड्यालाही वाचून दाखवलं.

पण फ्रिजबाहेर ही मलई दोन दिवसांपलीकडे टिकेना आणि मिरचीच्या शेडमध्ये फ्रिज कुठला असणार? काकूंची धाकटी वहिनी अजूनही तिथे देठ खुडते. तिने कळवलं की मलईला आंबूस वास येतो आणि बायका हाताला लावायला तयार नाहीत. हंगाम तोंडावर आला होता. आता काही जमलं नाही तर आणखी एक वर्ष पातेल्यातल्या ताकावरच काढायचं, हे काकूंना दिसत होतं. शेवटी त्यांनी इतके दिवस टाळलेली गोष्ट केली. थोडे जंतू गरम पाण्यावर ठेवून मारले, ते मलईत घातले आणि टिकाऊपणाचं औषधही घातलं. या बरण्यांना पांढरा दोरा बांधला. जिवंत जंतूंच्या बरण्यांना लाल दोरा बांधला, आणि त्या दर दोन दिवसांनी ताज्या करून एसटीने पाठवल्या. कोणता दोरा कशाचा, हे भिवापुरात कुणालाच सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी वहिनीचा फोन आला. दोन्हींनी सारखाच आराम पडतो, पण पांढऱ्याला वास नाही, तेव्हा यापुढे पांढराच पाठवा.

काकू त्या दिवशी जेवल्या आणि विरजणाच्या भांड्याशेजारी जाऊन बसल्या. काकाजींनी मला खुणेनेच घरी जायला सांगितलं.

त्याच आठवड्यात नागपूरच्याच सदर भागातले एक सौंदर्यप्रसाधनांचे व्यापारी घरी आले. ते मलई कारखान्यात करून घ्यायला तयार होते, लहान सुंदर डब्यांत विकणार होते आणि भिवापूरच्या बायकांना लागेल तेवढी फुकट देणार होते. जंतू मेलेले आहेत, हे काकूंनी त्यांना आपणहून सांगितलं. त्याला त्यांची काही हरकत नव्हती, फक्त नाव तेवढं तसंच ठेवा म्हणाले. "मेलेलं कोन चेहऱ्याले लावन, आंटी? जिवंतच राहू द्या. दुर्बीन घेऊन कोन पाहाले येऊन राहिलं?"

इथे मी उसळून उठायला हवं होतं. पण भिवापूरच्या फुकट बरण्या माझ्या डोळ्यांपुढे नाचत होत्या. मी घसा खाकरला आणि 'जिवंत ताकापासून बनवलेली' असं लिहिलं तर ते खोटं ठरणार नाही, असं सुचवलं. व्यापारी खूश झाले. काकूंनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं की तेवढा अपमान मला कुठल्याही मोर्चात सोसावा लागला नव्हता.

"पोरी," त्या म्हणाल्या, "अख्खी नोकरी मी पानी घातलेल्या दुधाले दूध नाही लिवलं. आता मेलेल्याले जिवंत लिवू काय?"

व्यापाऱ्यांनी ताक पिऊन निरोप घेतला आणि सौदा तिथेच मोडला. काकूंनी मला कागद आणून दिला आणि नवं लेबल लिहायला बसवलं. मी 'निष्क्रिय' लिहिलं, त्यांनी खोडलं. 'उष्णतासंस्कारित' लिहिलं, तर हे काय लोणचं आहे का, असं विचारलं. शेवटी माझ्याच अक्षरात छापलं गेलं: 'हातांची मलई. यातले जंतू मेलेले आहेत.' जगात कुठल्याही क्रीमची इतकी वाईट जाहिरात झाली नसेल.

आता दर सोमवारी सकाळी काकू पातेल्यात पाणी तापवतात, त्यात जंतूंची बरणी ठेवतात आणि थर्मामीटर धरून शेजारी उभ्या राहतात. त्या वेळी रेडिओ बंद असतो. विरजणापुरतं चमचाभर त्यांनी आधीच बाजूला काढलेलं असतं. एकदा बरणी उतरवताना त्या पुटपुटलेल्या मी ऐकलं, "चांगले होते बापा."

हंगामात एकदा मी त्यांच्याबरोबर भिवापूरला गेले. शेडमधून परत आल्यावर वहिनीने हात धुतले, मलई चोळली, थोड्या वेळाने पुसली आणि लेकीला मांडीवर घेऊन तिच्या डोळ्यांत काजळ घालायला लागली. हंगाम सुरू असताना घरात हे काम आजीचं असतं, हात धुऊनही तिखट उतरत नाही म्हणून आई लेकराच्या तोंडाला हातसुद्धा लावत नाही. काकू ताटलीतला घास तसाच धरून बघत राहिल्या. मुलगी ओरडली नाही. झोंबतं का, असं काकूंनी विचारलं, तेव्हा तिने नुसती नकारार्थी मान हलवली आणि दुसरा डोळा पुढे केला.

परतीच्या एसटीत काकू खिडकीशी बसल्या होत्या. खूश आहात ना, असं मी विचारलं, तर हो म्हणाल्या. उमरेड मागे पडल्यावर मांडीवरची मलईची रिकामी बरणी धरून, बाहेर पाहतच हळूच म्हणाल्या, "जिवंत असते तं त्याईनंबी पाह्यलं असतं वं."