पद्मिनीचा इंडिकेटर आणि खिशातली डबी

आधीच सांगून टाकतो – आमच्या अख्ख्या इमारतीत दाराला लिंबू-मिरची न बांधणारा मी एकटा. या सदरातले अतर्क्य अनुभव मी आजवर चहाबरोबर चिवडा खावा तसे वाचत आलोय. चवीने, पण पोटभरीचं म्हणून नव्हे. आणि आज मीच लिहायला बसलोय. हे बघून बायको मघाशी दारातून डोकावली आणि हसून गेली. तिच्या हसण्याचं कारण शेवटी येईलच…

दोन हजार अकरा-बाराचा सुमार. आम्ही सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. खाली पार्किंगमध्ये माझ्या वडिलांनी घेतलेली क्रीम रंगाची पद्मिनी. शेजारच्या सगळ्या गाड्या आयटीतल्या पोरांच्या, चकचकीत. त्यांच्यात ती जरीकाठी नेसलेल्या आत्यासारखी दिसायची. पण तिचे मागचे दिवे म्हणजे भर दुपारी लावलेली समई. एकदा सिंहगड रोडवर मी ब्रेक मारला आणि कुठल्याशा कंपनीची कॅब आमच्या बंपरपासून बोटभर अंतरावर येऊन थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, शांतपणे म्हणाला, “काका, ब्रेक लावला तर कळवायचं ना.”

मी हसलो. मीनल – म्हणजे बायको – हसली नाही. घरी येऊन तिने निकाल दिला. मागच्या माणसाला दिवे दिसले तर गाडी राहील, नाही तर धायरीचे मोरे लग्नाला गाड्या भाड्याने देतात, त्यांनी कधीची मागून ठेवली आहे. रविवारी संध्याकाळी त्यांना बोलावते. त्याआधी दुपारी दिव्यांची परीक्षा. परीक्षक तिचे थोरले भाऊ, विश्वासदादा. ते स्कूटरवरून मागे येणार. दादा आयुष्यभर गणित शिकवत होते, आणि सख्ख्या पुतण्याला तोंडी परीक्षेत नापास करून वर त्याच्याच घरी जेवून आलेले. खोटं बोलणं सोडाच, अर्धा मार्क वाढवणंसुद्धा त्या माणसाला जमत नाही.

मी जिद्दीने कामाला लागलो. ब्रेकला लाल एलईडी, इंडिकेटरला नारिंगी. ब्रेक दाबला… अहाहा, भिंत लाल झाली. इंडिकेटर लावला, तर तो नुसता पेटून राहिला. मिचकावायला तयार नाही. त्याचं कारण साधं आहे. डॅशबोर्डखाली फ्लॅशर नावाची अंगठ्याएवढी पत्र्याची डबी असते. जुन्या बल्बांना भरपूर करंट लागतो, त्याने तिच्या आतली पट्टी तापून वाकते, गार होऊन सरळ होते – तीच ती टिक-टिक. एलईडी बिचारे इतकं कमी खातात की पट्टी तापतच नाही. एलईडीला चालणारा नवा फ्लॅशर बाजारात मिळतो. तेव्हा रविवारी सकाळची कामं उरकून मी जुनी डबी उपटली, नमुना म्हणून खिशात टाकली आणि दुकानात पोचलो.

दुपारची वेळ. पुण्यातलं दुकान. मालक आत जेवून झोपलेले. शटरवर पाटी – “उठल्यावर उघडेल.”

परत आलो तर मीनल गाडीत बसलेली, दादा हेल्मेट घालून स्कूटरवर. लवकर उरकू म्हणाले. शिवाय कसब्यात तांबट आळीत कल्हईला टाकलेली भांडी आणायची होती. आता लक्षात घ्या – ती डबी नसेल तर इंडिकेटर मिचकावणं राहू द्या, पेटणारसुद्धा नाही. वीज पोचायला मध्ये रस्ताच नाही. हे कबूल केलं तर परीक्षेआधीच नापास, म्हणून मी खिडकीतून हात दाखवायची तयारी केली, तर दादा मागून म्हणाले, “हाताला मार्क नाहीत.”

निघालो. पहिलं वळण डावीकडे. मी इंडिकेटरची दांडी ओढली. टिक-टिक नाही. समोरचा छोटा हिरवा दिवा मेलेला. आता मागून हॉर्न येणार म्हणून मी खांदे आवळून वळलो… काही नाही. आरशात दादा, मान हलवताहेत. नकारार्थी नव्हे, होकारार्थी.

मला वाटलं, चष्मा विसरले असतील. दुसरं वळण, तिसरं वळण, तेच. कसब्याच्या अलीकडे स्कूटीवरून एक मुलगी बरोबरीला आली. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, नुसते डोळे दिसताहेत. तिने माझ्याकडे बघून पाची बोटं मिटली-उघडली, मिटली-उघडली. पुण्यात गाडी चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही – काका, इंडिकेटर चालू राहिलाय.

मी दांडीकडे पाहिलं. खरंच मधे आणायची राहिली होती. आणली. तिने अंगठा दाखवला आणि गेली.

मीनलने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, ओळखीची दिसली. “तोंड बांधलेलं असताना?” एवढंच विचारून ती खिडकीबाहेर बघू लागली. मी हळूच खिसा चाचपला. डबी होती. जागच्या जागी, मांडीला टोचत.

भांडी घेऊन घरी पोचलो. दादांनी हेल्मेट काढलं, केस सारखे केले. “ब्रेकचे दिवे उत्तम. इंडिकेटर सगळीकडे वेळेवर. उजवा डाव्यापेक्षा किंचित जलद मिचकावतो, तेवढं बघून घ्या.” मग हेल्मेट परत चढवत, “पास.” आणि चहासुद्धा न घेता निघून गेले.

दादा वळणावर दिसेनासे झाल्यावर मीनल म्हणाली, “अहो, टिक-टिक एकदाही आली नाही.”

मी डबी काढून तिच्या हातावर ठेवली. ही काय, कुठून निघते, हे सगळं सांगितलं. तिने डबी उलटीपालटी करून बघितली आणि मला गाडीत बसायला सांगितलं. स्वतः मागे जाऊन उभी राहिली. मी डावा लावला. अंधार. उजवा लावला. अंधार. “पुन्हा,” ती म्हणाली. पुन्हा अंधार. आरशात तिचा चेहरा दिसत होता. लग्नात सप्तपदीला ती जितकी गंभीर नव्हती तितकी आता होती. माझा निकाल तिच्या हातात होता, आणि डबीही.

नेमके तेव्हा मोरे आले. मोटरसायकल लावली, पद्मिनीच्या बॉनेटवर प्रेमाने हात फिरवला.

“द्यायची हाय ना, ताई?”

“नाही.”

“का ओ?”

“इंडिकेटर लागत नाहीत,” मीनल म्हणाली. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता.

मी सीटमध्ये जितकं खाली सरकता येईल तितका सरकलो, नाही तर हसू फुटलं असतं. मोरे मात्र समजावू लागले. लग्नाच्या गाडीला इंडिकेटर कशाला लागतात, ताई, फुलांत झाकून जात्यात सगळे. तिने त्यांना वर नेऊन चहा पाजला, पोहे दिले, गाडी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी नवा फ्लॅशर बसवला. डावा-उजवा अगदी सारखे मिचकावतात, कुठला जलद नाही. माझ्या इंजिनिअर भाच्याने अर्थिंगपासून दमट हवेपर्यंत सगळी कारणं लावून पाहिली. मग आम्ही नवाही काढून पाहिला. अंधार. दादांना एकदा खोदून विचारलं, तर म्हणाले, मी जे दिसलं ते सांगितलं, तुम्हाला फेरपरीक्षा हवी आहे का? नको म्हटलं.

त्या दुपारी काय पेटत होतं, आणि कशावर, ते मला आजही माहीत नाही. वाचकांपैकी कुणी वायरिंगमधलं असेल तर जरूर कळवावं. मीनलला मात्र कशाचीच गरज नाही. परवा तिला पुन्हा विचारलं, तर भाजी निवडता निवडता म्हणाली, “त्यात काय एवढं? तिला धायरीला जायचं नव्हतं. पेठेतली आहे ती.”