हॅम म्हणायचं, डुक्कर नाही

बढती झाली की टेबलावरच्या लोकांना घरी जेवायला बोलवायचं, ही दिल्लीतल्या आमच्या मंत्रालयातली पद्धत. मिठाईच्या डब्यावर भागत नाही. मी उपसचिव झालो, त्या दिवशी दुपारीच तारीख ठरली. मी ठरवली नाही, टेबलाने ठरवली.

हे टेबल म्हणजे आम्ही पाच जण. अकरा वर्षं दुपारी एकत्र डबे उघडतो, कोणाच्याही डब्यात कोणाचाही हात. त्या टेबलावर मला जागा आहे याचं मला जेवढं अप्रूप होतं, तेवढं बढतीचंही नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे. आम्ही विदर्भातले बौद्ध. टेबलावर सगळ्यांना ते माहीत होतं आणि कोणी कधी त्यावर बोलत नव्हतं. मीही बोलत नव्हतो. या न बोलण्यालाच मी मैत्री समजत होतो.

पार्टीचा बेत कॉलेजात जाणाऱ्या मुलीने हातात घेतला.

"बाबा, पनीर टिक्का बिल्कुल नको. यार, प्रत्येकाच्या घरी तेच. आपण हॅम स्लायडर्स करू."

"म्हणजे?"

"छोटे बर्गर. गोड पण, खारे पण. एकदम ईज़ी. वीस मिनिटं." तिने फोनवर व्हिडिओ दाखवला. त्यात एक हसरी बाई एका हाताने सगळं करत होती. तिच्या ओट्यावर एक थेंब सांडत नव्हता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मी लगेच हो म्हटलं, त्याचं कारण पंडितजी. टेबलावरचे सर्वांत ज्येष्ठ. सगळे त्यांना याच नावाने हाक मारतात आणि त्यांना ते आवडतं. त्यांचा डबा कांदा-लसणाशिवाय असतो आणि गप्पा हॅमच्या असतात. सरकारने त्यांना एकदा तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला जिनिव्हाला पाठवलं होतं. तिथून ते काय शिकून आले हे कुठल्याही फायलीत दिसलं नाही, पण तिथला हॅम किती पातळ कापतात हे आम्हा चौघांना तोंडपाठ आहे. अशा माणसाला माझ्या घरी हॅम वाढायला मिळणार, या कल्पनेने मी हुरळलो होतो.

आम्ही लक्ष्मीबाई नगरात सरकारी फ्लॅटमध्ये राहतो. तिथून आयएनए मार्केट चालत जाण्याइतकं जवळ आहे. दुकानदाराने विचारलं, "सर, चिकन वाला हैम दूँ या असली?"

'असली' म्हणण्याआधी मी मागे वळून पाहिलं. पन्नाशी ओलांडलेला, भारत सरकारचा उपसचिव, आणि ओळखीचं कोणी आहे का ते बघत होतो. शेजारच्या गाळ्यात तेच जनावर कातडीसकट आकड्याला टांगलेलं होतं. तिकडे मी पाहिलं नाही.

रविवारी सकाळी कामाला लागलो. बेकरीतून पावाच्या दोन लाद्या आणल्या होत्या. पाव सुटे न करता अख्खी लादी आडवी कापायची, म्हणजे खालचा मजला वेगळा आणि वरचा वेगळा. व्हिडिओतल्या बाईने ते एका झटक्यात केलं. माझी लादी कापल्यावर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पापडासारखी झाली. खालच्या थरावर हॅमच्या चकत्या दुमडून ठेवायच्या, वर चीज, मग मध आणि पिवळी मोहरीची पेस्ट एकत्र करून फासायची. वर झाकण ठेवून, वितळलेल्या लोण्यात तपकिरी साखर घालून ते ओतायचं. साखर नव्हती, म्हणून गुळाची पावडर घातली. वर तीळ. फॉइल लावून ओव्हनमध्ये ठेवायचं, शेवटची पाच मिनिटं फॉइल काढायचं. एका लादीत हॅम, दुसरीत मशरूम. मुलीने दोन्हीकडे टूथपिक खोचले आणि त्यावर माझ्या बायकोच्या पाकिटातल्या टिकल्या चिकटवल्या, हॅमला लाल आणि मशरूमला हिरव्या. वीस मिनिटांचं काम पावणेतीन तास चाललं होतं.

डायनिंग टेबलाशी माझी आई बसून हे बघत होती. वडील गेल्यापासून तीन वर्षं ती आमच्याकडेच आहे. तिने हॅमची एक चकती उचलली, नाकाशी नेली.

"हे तं डुकराचं व्हय."

"हो आई. पण लोकांसमोर याला हॅम म्हणायचं. डुक्कर नाही."

"काहून? त्याले वाईट वाटते का?"

मुलगी ओट्याला टेकून हसायला लागली. मी हसलो नाही. मी म्हटलं, "आई, प्लीज." आईने चकती खाली ठेवली. हे 'प्लीज' ती ओळखते.

ते तिने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मयूर विहारमध्ये भाड्याने राहत होतो. नवी नोकरी होती, लग्न व्हायचं होतं. घरमालकीणबाईंची एकच अट होती, घरात मांस शिजता कामा नये. मी हो म्हटलं होतं. आई वर्ध्याकडून पहिल्यांदा दिल्लीला आली. मी ऑफिसात असताना विचारत विचारत कुठूनतरी अर्धा किलो डुकराचं मटण घेऊन आली आणि संध्याकाळी मी दार उघडलं तेव्हा स्टोव्हवर पातेलं होतं. लहानपणी वर्षातून दोन-तीनदा आमच्याकडे ते व्हायचं. त्या दिवशी गल्लीत खेळायला जायची मला इच्छा नसायची, इतकं ते मला आवडायचं. मला ते आवडतं हे लक्षात ठेवूनच तिने केलं होतं.

आणि वास वर गेला. मालकीणबाई दारात. "बेटा, क्या बन रहा है? बड़ी खुशबू है."

मी म्हटलं, "कटहल, आंटी."

दिल्लीत फणसाची भाजी मसाल्यात अशी करतात की मटणच वाटावं, हे मला तेवढ्यात आठवलं. मला स्वतःच्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं. बाई म्हणाल्या, "अरे वाह, एक कटोरी हमें भी भेजना."

आता वाटी पाठवणं शक्य नव्हतं आणि न पाठवणंही शक्य नव्हतं. मी ते पातेलं पिशवीत घालून खाली नेलं, कचराकुंडीत उपडं केलं आणि वर जाऊन सांगितलं की आंटी, करपलं. आईने अजून एक घासही खाल्ला नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही लोणच्याशी पोळी खाल्ली. मी तिला म्हणालो, "आई, इथे याचं नावसुद्धा काढायचं नाही, प्लीज." तिने काढलं नाही. वीसेक वर्षं तिने दिल्लीत ते शिजवलं नाही, आणि मला माझी ही व्यवस्था यशस्वी झाली असं वाटत राहिलं.

तर पार्टी. जानेवारीतली दुपार, बाल्कनीत चांगलं ऊन. चौघेही आपापल्या पत्नींसह आले. पंडितजींनी लाल टिकलीचा पहिला पाव उचलला, डोळे मिटले.

"भाई साहब! शहद और मस्टर्ड का ये बैलेंस! जिनेवा याद आ गया."

दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. पावाचं एक टोक पापडासारखं झालंय, हेही त्यांना 'ऑथेंटिक' वाटलं. मी 'इम्पोर्टेड है' हे दोनदा सांगितलं, एकदा कोणी न विचारता. चौथा पाव हातात असताना त्यांचं लक्ष आतल्या दारात बसलेल्या आईकडे गेलं. सगळ्यांनी आल्याबरोबर तिच्या पाया पडून घेतलं होतंच.

"माताजी, आप नहीं लेंगी?"

मुलीने आजीला प्लेट नेऊन दिली. आईने सावकाश अर्धा पाव खाल्ला. सगळे तिच्याकडे बघत होते, म्हाताऱ्या माणसाला नवीन पदार्थ खाताना बघतात तसं, कौतुकाने. मग ती तिच्या हिंदीत म्हणाली:

"अच्छा है. पर सुअर को इतना मीठा कायको करना? हमारे घर में तो लाल मिरची में बनाते थे. इसको इतना पसंद था, हड्डी नहीं छोड़ता था."

पंडितजींच्या पत्नीने हातातली प्लेट खाली ठेवली, आणि तिच्या प्लेटमध्ये तर मशरूमचा पाव होता.

ज्या क्षणी मला फक्त 'हो' म्हणायचं होतं, त्या क्षणी मी काय केलं ते सांगतो. मी हसलो. मोठ्याने. "आई भी ना! मज़ाक करती रहती हैं."

आणि सगळे सुटले. पंडितजी सर्वांत मोठ्याने हसले, "माताजी बड़ी मज़ाकिया हैं!" आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मुलाचा कमी मार्कांचा पेपर बघावा तसं. उरलेला अर्धा पाव तिने प्लेटमध्ये ठेवला आणि नातीला म्हणाली, "पानी दे मले."

पाहुणे गेल्यावर मुलगी भांडी आवरत म्हणाली, "बाबा, आजी जोक नव्हती करत."

"माहीत आहे."

"मग?"

मी ट्रे घासत राहिलो. गूळ जळून चिकटला होता.

"तुम्ही दर एप्रिलला ऑफिसमध्ये समतेवर भाषण देता ना? मी लिहून दिलं होतं मागच्या वेळी, मला आठवतंय." ती एवढंच बोलून आत गेली. ते भाषण चांगलं झालं होतं. पंडितजींनी टाळ्या वाजवल्या होत्या.

सोमवारी डबे उघडले आणि पंडितजी म्हणाले, "माताजी वाला जोक मैंने घर में सबको सुनाया. हँस-हँस के बुरा हाल."

हे त्यांनी म्हटलं नसतं तर मी काही बोललो असतो असं मला वाटत नाही. माझ्या धाडसालाही कोणीतरी ढकलावं लागतं.

"वो जोक नहीं था, पंडितजी. हमारे घर में बनता था. माँ बनाती थीं. और मुझे सच में बहुत पसंद था."

"अच्छा… अच्छा," ते म्हणाले. "नहीं-नहीं, उसमें क्या है. आजकल तो सब खाते हैं." थोडी डाळ भाताला लावली. मग राहवेना. "पर वो तो अलग होता होगा ना? मतलब, वो जो गाँव में खुला घूमता है."

"हाँ, जिनेवा वाला पढ़ा-लिखा होता है."

एक जण खरोखर हसला. एक जण हसून मग थांबला. पंडितजींनी डब्याचं झाकण लावलं. मंगळवारपासून ते आपल्या खोलीत जेवतात. डॉक्टरने परहेज़ सांगितलाय, असं ते सगळ्यांना सांगतात. काय वर्ज्य आहे ते सांगत नाहीत.

त्या सोमवारी संध्याकाळी मी घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. मला शाबासकीची अपेक्षा होती, हेही कबूल करतो.

"मले काय सांगतं?" ती म्हणाली. "म्या ऐकलं का थे? मजाक म्हनला तवा माह्यासमोर म्हनला. आन खरं बोलाले ऑफिसात गेला."

तिने मेथीची काडी बाजूला टाकली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर मी म्हणालो, "इस संडे घर आइए. माँ सुअर का मटन बना रही हैं." शब्द तेवढेच ठरवून नेले होते, कारण एक जरी जास्त बोललो असतो तर मी त्यात कुठेतरी मध घातला असता. एकाच्या घरी नेमके पाहुणे येणार होते. दुसरा म्हणाला, देखते हैं. तिसरा, जो जिनिव्हावर खरोखर हसला होता, म्हणाला, किती वाजता?

रविवारी तो एकटाच आला. आईने सकाळपासून कोणाला स्वयंपाकघरात फिरकू दिलं नव्हतं. दारं-खिडक्या उघड्या होत्या आणि वास जिन्यात गेला होता. मी तीन वेळा उठून दार लावायला गेलो आणि तिन्ही वेळा न लावता परत आलो. ताटं मांडली. आई पळी घेऊन उभी होती. मी पाहुण्याला म्हटलं, तिच्या देखत, "ये माँ ने बनाया है. सुअर का है. हमारे घर में ऐसे ही बनता है, हमेशा से."

आवाज जरा चढला होता. टेबलाला बायको आणि मुलगी धरून चौघेच होतो, एवढ्या मोठ्याने बोलायची गरज नव्हती.

आईने पाहुण्याच्या ताटात वाढलं, मग माझ्या. "ऐकलं म्या," ती म्हणाली. "आता जेव. थंडं होऊन राह्यलं."