तिसरा मजला, पार्किंग धरून

आमच्या वाडीत फ्लॅट घेणारा मी पहिला माणूस. आणि ताब्याच्या दिवशी दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये कॅनच्या कॅन पाणी ओतणारं घराणंही आमचंच पहिलं.

वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. मी आठवीत शाळा सोडली (शाळेनेही फारसं अडवलं नाही) आणि फिरत फिरत मस्कतला पोचलो. सतरा वर्षं तिथे लाद्या बसवतोय, सगळ्या दुसऱ्यांच्या. एवढ्या बंगल्यांमधून गुडघ्यांवर रांगलो, पण स्वतःच्या मालकीची एक लादी नव्हती. पुढे मुलीला महाडच्या शाळेत घातलं, आणि वाडीतून रोज एसटीने जाऊन येऊन पोर पार वाळली. तेव्हा सुनंदा, म्हणजे माझी बायको, फोनवर म्हणाली की आता महाडात घर बघा. मी बघितलं. फोनवरच बघितलं.

मी मुळात घाबरट माणूस. घर घेताना काय काय तपासायचं याचे इतके व्हिडिओ पाहिले की रोजची झोप दोन तासांवर आली. जमीन बिनशेती आहे का, भोगवटा दाखला मिळालाय का, मेंटेनन्स किती, सगळं मी बँकेतल्या मॅडमना विचारायचो आणि प्रत्येक उत्तराला तीन-तीनदा आभार मानायचो. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, कर्ज मंजूर झालंय. आता आभार मानले नाहीत तरी चालेल." मी त्याबद्दलही आभार मानले.

पण महाडात या सगळ्याच्या आधी एक प्रश्न असतो: पुराचं पाणी इथे कुठवर आलं होतं? हे विचारलं की समोरचा माणूस बोलत नाही, भिंतीला हात लावून दाखवतो. कोणाचा हात कमरेशी, कोणाचा डोक्याच्या वर. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने तर सुनंदाला स्टुलावर चढून दाखवलं. म्हणून मी तिसरा मजला घेतला. तळाला नुसतं पार्किंग, पाण्याने हवं तर तिथे मुक्काम करावा.

ताबा घ्यायची वेळ आली आणि मला रजा मिळेना. सही करायला माझं मुखत्यारपत्र सुनंदाकडे होतं. बँकेतल्या मॅडमनी बजावलं होतं की ताबापत्रावर सही करायच्या आधीच घर नीट तपासा, काय दोष असेल तो तेव्हाच लिहून घ्या, नंतर दुरुस्तीला कोणी येत नसतं. सतरा वर्षांच्या कमाईचं काय ते एका तासात ठरणार होतं. (साहेबाने मला जेवणाची सुट्टी धरून तासच दिला होता.) मी सिमेंटच्या गोणीवर बसून व्हिडिओ कॉल लावला.

मी सांगितलं होतं, सोबत तात्यांना घेऊन जा. तात्या म्हणजे माझे वडील. टेम्पोतून चौदा माणसं उतरली. वाडीचा नियमच आहे तो. म्हैस असो, नवरी असो, विहिरीची जागा असो, एकट्याने बघून कोणी ठरवत नाही, अख्खी भावकी जाते. चुलते नारळ घेऊन आले होते, चुलत्या हळदीकुंकू, आणि तात्या सहा रिकामे कॅन.

"कॅन कशाला?" मी विचारलं.

"भिंती काय बघायच्या रं? पानी ओतून बघू."

तात्यांनी सगळा जन्म उतारावरच्या खाचरांत भात लावण्यात काढलेला. पाणी कुठून निघून कुठे जातं, एवढ्यावर त्यांचं सगळं शास्त्र. ताब्याआधी आमच्या फ्लॅटचे नळ चालू होणार नव्हते, म्हणून त्यांनी खालच्या टाकीतून कॅन भरून घेतले. बिल्डरच्या माणसाने ऑफिसातूनच किल्ली दिली आणि सांगितलं, तिसरा मजला, उजव्या हाताला. लिफ्ट बंद होती. पाण्याचे कॅन घेऊन वरात जिना चढू लागली, आणि तेवढ्यात सुनंदाने एक साधा प्रश्न विचारला.

"अवो, पार्किंग मजल्यात धरायचं काय?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "धरायचं. पुराचं पाणी पयलं तिथंच जानार, मग तो मजला नाय तर काय?"

हे वाक्य मी बोललो. दुसरं कोणी नाही.

तिसरा मजला लवकर आला म्हणून कॅनवाल्यांना आनंदच झाला. दारांवर नंबर अजून लागले नव्हते. उजव्या हाताचं दार नुसतं लोटलेलं होतं, किल्लीची गरजच पडली नाही. दाराला झेंडूचं तोरण! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बिल्डर किती भला माणूस, आम्ही येणार म्हणून तोरण बांधून ठेवलं. आत गेले तर हॉल मोकळा, पण छताला पंखा. बेडरूममध्ये पंखा. खिडकीला पडदे.

सुनंदा म्हणाली, "पंखे द्यायचं कुठं ठरलं होतं?"

"गप ऱ्हा," मी म्हणालो. "विचारलंस तर काढून नेतील."

मग तात्यांनी काम सुरू केलं. बाथरूममध्ये अर्धा कॅन ओतला. पाणी जाळीकडे जायचं सोडून कोपऱ्यात जाऊन बसलं. बाल्कनीत दोन कॅन ओतले, तर पाणी बाहेर न जाता उंबऱ्यावरून थेट हॉलमध्ये आलं. मी गोणीवरून उठलो. लादी हा माझा प्रांत! मी फोनवरून हुकूम सोडला की आता सगळ्यांनी एकेक लादी ठोकून बघा, पोकळ वाजली की खडूने खूण करा. चौदा माणसं गुडघ्यांवर बसली. कोणी नाण्याने, कोणी काठीने, धाकटे चुलते नारळाने. पायाखाली पाणी, वर ठकठक, आणि मस्कतहून मी ओरडतोय की त्या कोपऱ्यातली परत वाजवा. घर घेतल्याचा खरा आनंद मला त्या क्षणी झाला.

तेवढ्यात दारात एक बाई उभ्या राहिलेल्या दिसल्या. पांढरे केस, चष्मा, हातात दुधाची पिशवी. त्यांनी एकदा ओली जमीन बघितली, एकदा आमची भावकी.

"आपण कोण?"

तात्या कॅन खाली न ठेवता म्हणाले, "मालक."

"असं? मीही मालकच आहे."

मला घाम फुटला. एकच फ्लॅट दोघांना विकल्याचे चार व्हिडिओ मी पाहिले होते! मी जोरात म्हणालो, "तात्या, त्यांना बाहेर काढा. कागद आपल्या नावाचे हायत."

बाईंनी शांतपणे सुनंदाच्या हातातून फोन घेतला. "मी इथल्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. आपला फ्लॅट नंबर काय?"

मुख्याध्यापिका म्हटल्यावर माझा आवाज आठवीतला झाला. "तीनशे दोन, बाई."

"हा दोनशे दोन आहे. पार्किंग मजल्यात धरत नाहीत."

पाच दिवसांपूर्वीच त्यांनी ताबा घेऊन वास्तुशांत केली होती, हॉलचं सामान तेवढं यायचं होतं. तोरण त्यांचं, पंखे त्यांचे, पडदेही त्यांचेच, आणि हॉलमधलं तळं आमचं. धाकट्या चुलत्यांनी नारळ पाठीमागे लपवला. एक चुलती पदराने लादी पुसू लागली. मी फोनवर माफी मागत होतो आणि मधूनमधून सवयीने आभारही मानत होतो.

बाई मात्र तात्यांकडे बघत होत्या. "आजोबा, ते बाल्कनीचं पाणी परत ओतून दाखवता का?"

तात्यांनी दाखवलं. बाईंच्या जमिनीवर हे असंच पाणी रोज साठत होतं, आणि त्या तक्रार घेऊन गेल्या की बिल्डरचा माणूस म्हणायचा, तुम्हीच पाणी जास्त वापरता.

मग सगळे मिळून खऱ्या तीनशे दोनमध्ये गेले. तिथे तोरण नव्हतं, पंखे नव्हते, पण बाल्कनीतलं पाणी तसंच हॉलमध्ये आलं. बाईंनी बिल्डरच्या माणसाला वर बोलावून घेतलं. तो म्हणाला की आजोबा, एवढातेवढा उतार चुकायचाच, त्याने काय होतं? तात्यांनी त्याला हाताला धरून बाल्कनीत नेलं आणि शेवटचा कॅन त्याच्या पायाशी ओतला. त्याचे बूट भिजले.

"माज्या खाचराचा असा उतार काडला तर भात नाय पिकनार, बेडूक पिकतील. आमी सही नाय करनार. आदी लादी उकरा."

अख्ख्या भावकीने माना डोलावल्या. बाईंनी तिथेच तक्रार लिहिली. लादीची भाषा मी फोनवरून सांगितली, शुद्धलेखन त्यांनी बघितलं, खाली चौदा साक्षीदारांच्या सह्या आणि अंगठे. दोन्ही फ्लॅटच्या बाल्कन्या आणि बाथरूम उकरून नव्याने लाद्या बसल्या, तात्यांनी परत पाणी ओतून बघितलं, आणि मगच सुनंदाने ताबापत्रावर सही केली. नंतर बाई मला म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना मी शाळेत न्यायला हवं होतं." मी तो निरोप वाडीत प्रत्येकाला दोनदा फोन करून सांगितला.

गेल्या महिन्यात रजेवर आलो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या लादीवर पहिल्यांदा अनवाणी उभा राहिलो आणि बराच वेळ हललोच नाही. तेवढ्यात बेल वाजली. दारात एक नवरा-बायको, हातात नव्या फ्लॅटची किल्ली.

"तात्या आहेत का? उद्या ताबा घ्यायचाय, त्याआधी त्यांनी पाणी ओतून बघितलं असतं तर बरं झालं असतं."

तात्या वाडीला गेले होते, संध्याकाळच्या गाडीने येणार होते. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी येतो ना. मस्कतला सतरा वर्षं लाद्यांचंच काम करतो. तात्यांचा मुलगा."

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. बायकोने मला नीट न्याहाळलं.

"पार्किंग धरून मजला मोजणारे तुम्हीच ना?"

मी हो म्हणालो.

"मग आम्ही तात्यांसाठी थांबतो," त्या म्हणाल्या आणि आत येऊन बसल्या. मी चहा ठेवायला गेलो.