समुद्र आणि दहाचा ठोका

सर्व संबंधितांना कळवण्यात येते की, समुद्र वेळ पाळत नाही. ही गंभीर बाब मी, कसबा पेठेतला चित्रकार, वयाच्या बावन्नाव्या वर्षी प्रत्यक्ष पाहून आलो आहे.

झालं असं, की प्रदर्शनाची सगळी चित्रं तयार होती, हॉलची दर्शनी भिंत तेवढी रिकामी. "तिथे समुद्र येणार!" असं मी गल्लीभर सांगून बसलो होतो. जन्मभर पेठेतली दारं-खिडक्या रंगवलेला माणूस मी! मग कोकणात एका नारळवाल्या काकांकडे सहा दिवसांसाठी खोली घेतली.

पहिल्या दिवशी दहाच्या ठोक्याला किनाऱ्यावर कॅनव्हास उभा केला. लख्ख ऊन, तुडुंब भरती आणि होडीत एक जण वल्हवतोय. होडी आणि माणूस तेवढे रंगवले. अवघड ते शेवटी, ही माझी पद्धत. म्हणजे पाणी शेवटी. मग आकाश, डोंगर, माड. रोज दहा म्हणजे दहाच. ऊन तेच हवं ना!

पाणी मात्र रोज आणखी लांब जायचं. मी स्टूल पुढे घ्यायचो, मागे घ्यायचो, उठून फेऱ्या मारायचो, स्वच्छ असलेला चष्मा पुसायचो.

काका म्हणायचे, "अहो, भरती रोज पाऊण तास उशिरा येते. तुम्ही पण उशिरा या की."

"मी का? उशीर तिला होतोय."

सहाव्या दिवशी पाणी रंगवायला बसलो, तर समोर मैलभर वाळू, तीवर खेकडे. दुपारी परतीची एसटी. दिसेल तेच रंगवायचं, हे माझं तीस वर्षांचं तत्त्व. स्वतःशी कडाडून भांडलो आणि होडीखाली वाळू रंगवली.

प्रदर्शनात लोक "वा, काय समुद्र!" म्हणत होते, पण मला बसवेना की उभं राहवेना. तिसऱ्या दिवशी मार्केट यार्डात नारळ उतरवून काका थेट हॉलमध्ये हजर! समुद्र ओळखणारा एवढा एकच माणूस. मी खांबाआड. काकांनी चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, पुन्हा जवळून पाहिलं. आणि भर हॉलमध्ये ओरडले,

"अहो, हा वल्हवणारा नक्की पुण्याचा! खाली पाणी नाही, तरी थांबायला तयार नाही!"