मामांचं भुसकटाचं तेल

पाण्याचा स्वभाव आमच्या मामेसासऱ्यांइतका ओळखणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. साखर कारखान्याच्या बॉयलरवर उभा जन्म काढून मामा जळकोटच्या शेतात राहायला आले, ते डोक्यात वाफ घेऊनच. कुणाकडं जेवायला गेले, की आधी स्वयंपाकघरात शिरून कुकरचा वाल, म्हणजे वाफेची झडप, तपासणार. माझ्या मेहुणीच्या साखरपुड्यात ऐन ओटी भरताना त्यांनी आचाऱ्याला कुकर उतरवायला लावला. "वाल चोंदलाय, जावईबापू. वरण मागनं, माणसं आधी."

पुढं त्यांनी ध्यास घेतला तो सोयाबीनच्या ओल्या भुसकटाचं तेल करायचा. जाड पोलादी नळकांड्यात भुसकट आणि पाणी घालायचं, झाकण आवळायचं आणि खाली जाळ लावायचा. "पाण्याला वाफ होऊन पळू द्यायचं न्हाय. दाबात धरलं की त्ये भुसकटाचं तेल करतंय." जमिनीला ज्याला युगं लागतात, ते मामांना दुपारच्या जेवणाआधी हवं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी तिथंच होतो. नळकांड्यावरचा दाबाचा काटा तांबड्या रेघेवर गेला, पण जादा वाफ सोडणारा वाल काही सुटेना. मामा एकदम हळू आवाजात म्हणाले, "मामीला घेऊन बांधामागं जा. पळू नका."

मामी भाकरी घेऊन नुकत्याच आल्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. "आधी तुमी या."

"जाळ वढल्याबिगर येत न्हाय. जा म्हणलं ना!"

मी मामींना दंडाला धरून ओढत नेलं. मामा पालथे पडून लांब आकडीनं एकेक पेटतं लाकूड बाहेर ओढत होते. नळकांडं करकरलं, तशी मामींची नखं माझ्या मनगटात रुतली. शेवटचं लाकूड ओढून मामा रांगत बांधाआड आले. मग ऊन कलेपर्यंत आम्ही तिघं नुसते बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी गार झालेलं नळकांडं उघडलं. आत पेलाभर काळंकुट्ट, उग्र वासाचं तेल! मामांनी त्यात वात बुडवून पेटवली. धुराची ज्योत उभी राहिली.

"पेटलं!" मामा ओरडले.

"पेटलं न्हवं? आता बास," मामी म्हणाल्या. मामांनी त्यांच्याकडं पाहिलं, ज्योत फुंकली आणि त्याच आठवड्यात नळकांडं भंगारात दिलं.

उरलेल्या तेलाची बाटली मात्र मामींनी देवघराच्या फळीवर ठेवलीय. रोज पुसतात. परवा मी कारण विचारलं, तर आत मामा झोपलेत ना ते पाहून त्या हळूच म्हणाल्या, "लई जीव लावला हो त्यांनी. कसं टाकू?"